हुंगून बघायचा दिवस

फॉर्म सतरा पानांचा.
विंडहूकहून नवऱ्याने पाठवला तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते
आणि सावद्यात लाईट नव्हती.
तो तिकडे वाळवंटाच्या कडेला ठिबकच्या नळ्या अंथरतो,
म्हणतो, इथली जर्मन शाळा चांगली आहे,
महिनाअखेर अर्ज गेला पाहिजे.

पहिल्याच पानावर आडनाव. झोपे.
मोबाईलमधल्या बाई शिकवतात, त्यांच्यात झेडचा उच्चार त्स.
म्हणजे माझी पोर त्सोपे होणार.
सासरे ओट्यावरून म्हणाले,
"होऊ दे. सोपंच झालं मग."

जन्मदाखल्यावर विभाची बिभा झालेली,
त्यासाठी नगरपालिकेत दोन खेपा.
लसींचं कार्ड, त्यावर हळदीचा डाग.
जळगावचे पिंगळे सर जर्मन करून देतात, पानाला सहाशे.
चष्मा वर करून म्हणाले,
"डागाचंही भाषांतर हवं का?"

अकराव्या पानावर:
घरात बोलली जाणारी भाषा.
एकच चौकोन. बाण दाबला की यादी उघडते,
तिच्यात आपण नाही. तळाशी 'इतर'.
नवरा म्हणाला, इंग्रजी टाक, चान्स वाढतो.
मी बोट उचलून बसले.
मागून विभा म्हणाली, "मले भूक लागली."

या 'मले'वरून शाळेत तिला दोनदा टोकलंय.
मीही टोकलंय.
नाशिकला डी.एड.ला होते तेव्हा माझं 'मले'
होस्टेलच्या मोरीत मी घासून घासून धुतलं,
आणि सुट्टीला सावद्याच्या स्टँडवर उतरले
की हमालाशी बोलताना तेच पहिलं तोंडात यायचं.
'इतर' दाबलं.
पुढच्या रेघेवर काय लिहिलं, ते नवऱ्याला सांगितलेलं नाही.

रात्री मीही शिकते. डेर, डी, दास.
तो, ती, ते. हे आपल्याला नवं नाही.
त्यांच्यात मुलगी 'ते' असते, म्हणे.
असेना. विभा तापाने फणफणली होती
तेव्हा पहाटे मी काय म्हणाले होते?
निजलं गं बाई, निजलं एकदाचं.
सूर्य मात्र त्यांच्यात ती.
हे सासऱ्यांना सांगितलं, बाहेर पंचेचाळीस डिग्री.
"बरोबर आहे," म्हणाले, आणि सासूबाईंच्या खोलीकडे बघितलं.

मुलाखत गच्चीवर, टाकीच्या सावलीत,
रेंज तेवढ्याच कोपऱ्यात येते.
पडद्यातल्या बाईंनी चित्र दाखवलं, टेबल, टेबलाखाली मांजर.
विचारलं, "वो?"
म्हणजे कुठे. एवढं मला येतं.
विभाला वाटलं, आत्यासारखी कोणी हाक मारतेय.
"काय वो?" ती म्हणाली.
बाई थांबल्या. पुन्हा हळू, गोड: "वो?"
"काय वो? सांगा ना, काय वो?"
मी पडद्याबाहेर वाकून वाकून
हातानेच टेबल करत होते, मांजर करत होते,
आणि नेट गेलं.

वाटलं, संपलं.
तेराव्या दिवशी मेल आला, मुलीला एक दिवस शाळेत आणा.
त्या दिवसाला त्यांच्यात एक लांबलचक शब्द आहे.
पिंगळे सरांना फोन केला.
ते जरा थांबून म्हणाले, "शब्दशः सांगू?
हुंगून बघायचा दिवस."

कोणी कोणाला हुंगायचं, ते मेलमध्ये नाही.
सोबत यादी आहे: डबा, टोपी, बदली कपडे.

त्या संध्याकाळी परसात पऱ्हाट्यांवर वांगी भाजायला टाकली होती.
विभा धुराच्या बाजूलाच बसली, उठवलं तरी उठेना.
तिचा निळा फ्रॉक नुकताच धुतलेला.
गच्चीवर नाही नेला.
चुलीजवळच्या दोरीवर टाकला.